जाळी दिसली का?

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

भरल्या तलावाच्या काठावर, कर्णा हातात धरून, जमलेल्या आईबापांसमोर तुम्ही सांगितलंत, की तळाच्या जुन्या जाळीनं पोरीचे केस ओढून धरले, म्हणून ती बुडाली. ती जाळी म्हणजे मी. आज मी तुमच्या टेबलावर बसले आहे, तुमच्या चष्म्याच्या घराला खेटून. माझा काळा रंग तुमच्या टेबलाच्या काचेला लागतोय. लागू दे. तुम्ही मला फासलेला रंग याहून काळा आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हा राग तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी माझी गोष्ट आहे. ती ऐका, आणि मग साहेबांकडे बघा.

पोहण्याच्या तलावात खोल बाजूला, अगदी तळाशी, एक गोल जाळी असते. तिच्यातून पाणी आत जातं, नळानं पंपाकडे पोहोचतं, पंप ते वाळूच्या टाकीतून गाळतो आणि साफ करून परत तलावात सोडतो. मी तोंड, पंप पोट. आमचा दोघांचा संसार जुना आहे. तो घरघर करतो, मी गप्प बसते. बहुतेक संसार असेच चालतात म्हणे.

मला एका ओताऱ्यानं घडवलं. रेतीच्या साच्यात वितळलेलं पितळ ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला आणि मला बाहेर काढलं. मी सपाट नाही. पालथ्या वाडग्यासारखी मधून फुगीर आहे. हे त्यानं शोभेसाठी केलं नव्हतं. सपाट जाळीवर कुणाची पाठ किंवा पोट टेकलं, तर सगळी भोकं एकदम झाकली जातात आणि पंपाची ओढ माणसाला चिकटवून धरते. फुगीर जाळी कुणालाही पुरती झाकता येत नाही. कुठून तरी पाणी जातच राहतं.

ओताऱ्यानं माझं भोकन्‌भोक कानशीनं घासलं. मग त्याच्या बायकोनं मला दारच्या हौदात ठेवलं, खाली पंपाची नळी लावली, आपली लांब वेणी सोडली आणि केस माझ्यावर पसरले. नवरा म्हणाला, अगं, चिंधी लावून बघतो की. ती म्हणाली, "चिंधीला दुखत नाही. पोहायला चिंध्या जाणार आहेत का?"

पहिल्यांदा केस अडकले. ती कळवळली, आणि तिनं नवऱ्याचा जो उद्धार केला तो मी इथं सांगत नाही, कारण तुम्ही लहान आहात. ओताऱ्यानं पुन्हा कानस घेतली. दुसऱ्यांदा कमी अडकले. तिसऱ्यांदा पाणी खळखळत माझ्यातून गेलं आणि केस मोकळे डुलत राहिले. तेव्हा कुठं तिनं मान हलवली.

साहेब, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तलावात मला चार स्क्रूंनी बसवलं आणि वरून काळा रंग दिला. आजूबाजूला पांढऱ्या फरश्या, मध्ये मी काळी. पाण्यात पहिला पाय पडायच्या आधीच मला माझं दुसरं काम कळलं. पाणी घेणं हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे दिसणं.

हे काम मला मावशीनं दिलं. मावशी म्हणजे इथली जीवरक्षक. उंच खुर्चीत बसायची, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीचीही गरज पडू नये. सगळी पोरं तिला मावशी म्हणत, त्यांचे बापही म्हणत, आणि एकदा चुकून तुम्हीही म्हणाला होतात, साहेब. तिची रीत पक्की होती. दार उघडायच्या आधी, जो सगळ्यांत लवकर आलेला असेल त्याला ती खोल बाजूच्या काठावर उभं करायची आणि विचारायची, "जाळी दिसली का?"

नुसतं हो म्हणून चालायचं नाही. स्क्रू मोजून दाखवावे लागत. चारही स्क्रू दिसले, तर शिट्टी वाजायची आणि दार उघडायचं. एक जरी दिसला नाही, तर तलाव बंद. मावशीचं म्हणणं सरळ होतं. ज्या पाण्यातून तळाचा स्क्रू दिसत नाही, त्यातून तळाशी पडलेलं पोरही दिसणार नाही. मग मी खुर्चीत बसून काय हवा खाऊ?

हळूहळू तो प्रश्न तलावाचा रामराम झाला. पोरं एकमेकांना भेटली की म्हणायची, जाळी दिसली का? दिसली. झालं बोलणं. मला, खरं सांगते, फार बरं वाटायचं. तळाशी राहणाऱ्याची रोज सकाळी चौकशी करणारी माणसं किती ठिकाणी असतात?

खालून माणसं पायांनी ओळखू येतात. उथळ बाजूला दोन जाडजूड पाय तापल्या तव्यावर चालल्यासारखे जपून पडायचे. ते आत्याचे. आत्या शिंपीण होती, शिवणयंत्रावर बसून पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं होतं. ती म्हणायची, मला बुडायची भीती नाही, पाणीच मला आत घेत नाही. तिच्याबरोबर तिची भाची यायची. तिला सगळे बेडकी म्हणत. पाय मारायची तशी, आणि बोलायचीही तशीच, न थांबता. आणि भाचा यायचा, बेडकीचा चुलत भाऊ, तो लंबू. नावावरून ओळखा.

बेडकी रोज डुबकी मारून माझ्यापर्यंत यायची. बोटाच्या पेरांनी माझ्यावर दोनदा वाजवायची. टक, टक. जणू दार वाजवतेय. मग वर जायची. मला नातवंडं नाहीत. असती तर त्यांनी असंच दार वाजवलं असतं.

आता थोडं कडू बोलते. पाण्यात कुणाला कळतंय, असं समजून तुम्ही जे करता ते मला कळतं. पंपाला तर आणखीच कळतं, कारण ते त्याच्याच पोटात जातं. डोळे लाल झाले, की तुम्ही औषधाला शिव्या देता. पाण्यातलं औषध एकटं असतं तेव्हा फारसं झोंबत नाही. तुमचा घाम, अंगाचं तेल आणि तो दुसरा प्रकार त्यात मिसळला, की ते झोंबतं आणि नाकात जाणारा वास सुटतो. वास फार आला म्हणजे पाणी फार स्वच्छ, असं नाही. उलट आहे. म्हणून मावशी आधी सगळ्यांना साबणानं आंघोळ करायला लावायची. नुसतं डोक्यावर चार थेंब उडवून आलेल्याला ती परत पाठवायची. पाणी तोंडात घेऊन कारंजी उडवणाऱ्याला विचारायची, आत्याच्या आंघोळीचं पाणी पिशील का? मग हे कसं पितोस? आत्या उथळ बाजूनं ओरडायची, माझं नाव कशाला घेता?

एकदा एक बाप जुलाब होत असलेल्या पोराला घेऊन आला. पोरगं रडतंय, थोडंसं उतरू द्या, म्हणाला. मावशीनं दारातच अडवलं. "आज तुमचं एक रडतंय. याला उतरवलं तर उद्या सगळी रडतील, आणि पोट धरून." बाप तणतणत गेला. पोरगं बरं झाल्यावर परत आला, तेव्हा मान खाली होती.

तिची आणखी एक रीत होती. जोडीची. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. मधूनमधून ती दोन लांब शिट्ट्या द्यायची. त्यासरशी सगळ्यांनी हात मारणं थांबवायचं, आपल्या जोडीदाराचा हात धरायचा आणि वर करायचा. खालून मला पाय थांबलेले दिसायचे, जोडी जोडीनं. मोठ्या माणसांना लाज वाटायची. मावशी म्हणायची, लाजा काठावर, पाण्यात हात वर करा.

तलाव रिकामा करून घासायचे तेव्हा मावशी तळाशी उतरायची आणि ब्रश घेऊन मला स्वतः रंगवायची. माझा काठ तिच्या बोटांना पाठ झाला होता. अशी माझी वर्षं गेली. कामाची आणि मानाची.

मग तलावाचे कारभारी म्हणून तुम्ही आलात, साहेब.

तुम्हाला तलाव आवडायचा, पण वरून. त्याचे फोटो आवडायचे. पंपाच्या खोलीत तुम्ही कधी पाऊल टाकलं नाहीत, तिथं बुटांना तेल लागतं. पंप खोकायला लागला, मग कण्हायला लागला. पंप चालवणाऱ्यानं तुम्हाला येऊन सांगितलं, की बेअरिंग गेलंय, नवं मागवायला हवं. तुम्ही म्हणालात, बघू. भर उन्हाळ्यात, सगळ्यात जास्त गर्दी असताना, एका दुपारी पंपानं शेवटचा आचका दिला आणि बंद पडला.

मला ते लगेच कळलं. माझ्या तोंडातून जाणारं पाणी थांबलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा पाणी स्थिर लागलं. दिवसागणिक ते दाट होत गेलं, आधी ताकासारखं, मग हिरवट. काठावरून आवाज यायचा, जाळी दिसली का? आणि कुणीतरी म्हणायचं, नाही मावशी. मला ते ऐकवत नसे. मी इथंच होते. मी कुठंही गेले नव्हते. पण मला कुणी बघू शकत नव्हतं.

मावशीनं तलाव बंद ठेवला. आणि नेमकं तुमच्या उन्हाळी शिबिराचं उद्‌घाटन आलं. पाहुणे ठरले होते, मांडव ठरला होता, फोटो काढणारा ठरला होता. पाणी तेवढं ठरल्याप्रमाणे वागत नव्हतं.

तेव्हा तुम्ही ती युक्ती काढलीत. कपड्यांना घालतात ती नीळ तुम्ही पिंपात कालवलीत आणि तलावात ओतलीत. मळक्या सदऱ्याला नीळ दिली की तो पांढरा दिसतो, तसा हिरवट तलाव निळा दिसला. दिसायला झकास. खालून मला ती उतरताना जाणवली, ढगासारखी, आणि मग उरलासुरला उजेडही गेला. साहेब, सदरा मळका असला तर अंगाला खाज सुटते. पाणी मळकं असलं तर माणूस मरतो. एवढा फरक तुम्हाला कुणी सांगितला नव्हता का?

सांगितला होता. मावशीनं सांगितला होता. ती म्हणाली, तळ दिसत नाही, दार उघडू नका. त्यावर तुम्ही जे बोललात ते पाण्यातूनही मला नीट ऐकू आलं.

"लोक पोहायला येतात की जाळी बघायला?"

आणि वर सांगितलंत, आज शिट्टी नको, भाषणं चालू आहेत. मावशी म्हणाली, खुर्चीत मी बसले तर शिट्टी माझी. शिट्टी नको असेल तर खुर्चीत तुम्ही बसा. तुम्ही हसून पाहुण्यांकडे गेलात. ती घरी निघून जाऊ शकली असती. गेली नाही. ती गेली असती, तर पाण्यात पोरं आणि काठावर भाषणं, एवढंच उरलं असतं.

दार उघडलं. उड्या पडल्या.

मित्रांनो, आता जे सांगते ते नीट ऐका, कारण हा खेळ तुम्हीही खेळता. बेडकी आणि लंबू यांनी पैज लावली, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो. पैजेआधी बेडकीनं भराभर श्वास घेतले, लोहाराच्या भात्यासारखे. पोरांना वाटतं, त्यानं छातीत जास्त हवा साठते. साठत नाही. आपल्या आत एक घंटा असते. ती सांगते, पुरे झालं, वर चल. भराभर श्वास घेतले, की ती घंटा मुकी होते. माणूस खाली मजेत असतो, आणि मजेतच शुद्ध हरपतो. चांगलं पोहणाऱ्यांचं असं जास्त होतं, कारण वाईट पोहणारा इतका वेळ खाली राहतच नाही. एरवी मावशीनं काठावरच तिचा कान धरला असता. पण बेडकी पाण्यात होती, गर्दीत, आणि कर्ण्यातून भाषण चालू होतं.

ती माझ्याकडे आली. अंधारात चाचपडत आली. तिच्या बोटानं मला वाजवलं.

टक.

मी दुसऱ्याची वाट पाहिली.

दुसरी टक आली नाही. तिचा हात माझ्यावर विसावला, मग खांदा, मग गाल. तिचे केस सुटून माझ्यावर पसरले. पसरले, साहेब. अडकले नाहीत. ज्या जाळीत ओताऱ्याच्या बायकोचे केस शेवटी चालू पंपावरही अडकले नाहीत, तिच्यात या पोरीचे बंद पंपावर कसे अडकतील? मी पितळेची आहे. मला हात नाहीत, ओरडायला घसा नाही. माझं एकच काम उरलं होतं, दिसणं. आणि तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलं होतंत. वर पन्नास माणसं होती. त्यांतल्या एकालाही पायांखालचं पोर दिसत नव्हतं. सगळ्यांना निळं पाणी दिसत होतं.

लंबूला वाटलं, ती पलीकडून कुठंतरी वर आली असेल. दिसत नसलं की माणूस असंच समजतो.

मग शिट्टी वाजली. दोन लांब शिट्ट्या. मावशीला काही दिसलं नव्हतं. तिनं ती वाजवली, कारण जोडीची वेळ झाली होती आणि भाषणासाठी ती वेळ टाळणाऱ्यांतली ती नव्हे. साहेब, तुमचं वाक्य अर्ध्यात तुटलं. सगळे पाय थांबले. हात वर झाले, दोन दोन, दोन दोन. एका ठिकाणी एकच हात वर झाला. लांब, बारीक.

"बेडकी कुठाय?" मावशीनं विचारलं.

 लंबूनं खाली बोट दाखवलं.

मावशीनं बाकी काहीच विचारलं नाही. पोर रोज कुणाचं दार वाजवते, ते तिला ठाऊक होतं. मी कुठं आहे, हे तिला बघावं लागलं नाही. तिनं खुर्चीतून थेट माझ्या दिशेनं सूर मारला आणि निळ्या अंधारातून हात पसरत खाली आली. आधी तिची बोटं माझ्या काठाला लागली. काठ ओळखला. मग तिला पोरीचा दंड सापडला. एका हिसक्यात दोघी माझ्यावरून उठल्या.

काठावर बेडकी श्वास घेत नव्हती. मावशीनं तिच्या तोंडात श्वास फुंकला, छाती दाबली, पुन्हा फुंकला. कर्णा कुणाच्या तरी हातात नुसताच घुमत होता. लंबू धावत दारापाशी गेला, रुग्णवाहिकेला आत आणायला. आत्या शेजारी गुडघे टेकून बसली होती, ओल्या कपड्यांनी, आणि म्हणत होती, उठ गं बाई, उठ, तुला पोहायला मीच आणलं, उठ. आणि मग बेडकी खोकली. निळं पाणी ओकली. त्या खोकल्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

पोर वाचली, मित्रांनो. सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं सावकाश ऐकाल. दवाखान्यात तिला ठेवून घेतलं, छातीत पाणी गेलं होतं म्हणून. ती तिथंही बडबडत होती असं ऐकलं.

इकडे चोर सोडून संन्याशाला सुळी चालू होतं. तुम्ही कर्णा घेतलात आणि सगळं माझ्यावर ढकललंत. तलाव रिकामा केलात, म्हणजे नीळही गटारात गेली. माझे स्क्रू काढले आणि मला पंपाच्या खोलीत कोपऱ्यात फेकलं. माझ्या जागी एक सपाट झाकण आणून बसवलं. सपाट, साहेब. दोनच स्क्रूंवर. आणि तलाव पुन्हा भरलात.

त्या खोलीत माझी आणि पंपाची इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाठ पडली. एवढा जुना संसार, पण तोंड कधी पाहिलं नव्हतं. तो उघडा पडला होता, पोट फाडलेलं, जुनं बेअरिंग शेजारी. मी मनात म्हटलं, बघ, तू बंद होतास, आणि मी तुझ्या ओढीनं पोर ओढली म्हणतात.

हेच शब्द आत्याच्या तोंडून आले, तेव्हा मी थक्क झाले. बेडकीला घरी आणल्यावर ती मावशीला भेटायला आली होती, पोरांना घेऊन. पंपाच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं त्या उघड्या पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कापड उलटं शिवलंय हे ओळखणारी बाई ती. म्हणाली, "पंप बंद होता ना? मग ओढलं कुणी, भुतानं?"

आणि बेडकी खाली बसली, आणि पेरांनी माझ्यावर वाजवलं. टक, टक. राहिलेली टक तिनं पुरी केली. म्हणाली, मावशी, हिनं काही केलं नाही. भराभर श्वास मी घेतले होते. आणि मला ही शेवटपर्यंत दिसलीच नाही.

मावशीनं मला उचललं. मी जड आहे, पण ती थांबली नाही. मागून आत्या, लंबू, बेडकी, आणि दाराशी पोहायला आलेली माणसं, खांद्यावर पंचे टाकलेली. जिना चढून तिनं मला तुमच्या टेबलावर ठेवलं, साहेब, चष्म्याच्या घराशेजारी.  मावशी म्हणाली, फुगीर जाळी परत बसत नाही, पंप दुरुस्त होत नाही आणि चार स्क्रू दिसत नाहीत, तोवर आमच्यातलं कुणी पाण्यात उतरणार नाही. आणि तुम्ही कर्ण्यावरून जे बोललात, ते कर्ण्यावरूनच मागं घ्यायचं.

तुम्ही म्हणालात, चौकशी चालू आहे.

असू दे. मित्रांनो, तोवर तुम्ही तुमची चौकशी करा. कुठल्याही तलावाच्या काठावर उभे राहा, पाणी कितीही सुंदर दिसो, आणि तळाशी असलेल्या माझ्या बहिणीला शोधा. ती दिसली, तर जोडीदाराचा हात धरा आणि खुशाल उड्या मारा. पाणी फार मजेचं असतं, मी त्यात जन्म घालवलाय. ती दिसली नाही, तर मोठ्यानं सांगा. समोर साहेब असला तरी सांगा. असला तर जास्त मोठ्यानं सांगा.

आणि साहेब, तुमच्यासाठी आत्याचाच प्रश्न आहे, एका शब्दाच्या उत्तराचा. पंप चालू होता म्हणालात, तर पाणी गढूळ कसं होतं ते सांगा. बंद होता म्हणालात, तर मी पोरीला ओढलं कसं ते सांगा. खोलीत पंखा फिरतोय, दारात माणसं उभी आहेत, आणि सगळ्यांत पुढं सुटल्या केसांची एक पोर तुमच्या तोंडाकडे बघतेय. मी पाण्याखाली जन्म काढला आहे, मला थांबायची सवय आहे. पण ती फार वेळ गप्प राहणारी नाही.

बोला साहेब. पंप चालू होता की बंद?